तराजूचे तोंड कुणाकडे?

वाण्याच्या दुकानात तराजू कुठे असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. तो गल्ल्याच्या मागे दडवलेला नसतो. फळीवर पुढे असतो आणि काटा गिऱ्हाइकाला दिसेल असा असतो. शनिवारच्या बाजारात संकेश्वरी मिरची विकणारी बाईदेखील ‘बघा की काकू, काटा’ असे म्हटल्याशिवाय मिरची पिशवीत ओतत नाही. वजनमापांचे कायदे नंतर आले, हा संकेत त्यांच्या कितीतरी आधीचा. घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला एकाच वेळी दिसेल तेच माप खरे, एवढीच त्यामागची समजूत.

वीज ही मात्र अशी वस्तू, की ती हातात घेऊन पाहता येत नाही, परत करता येत नाही आणि ‘तुमच्याकडे महाग आहे, शेजारच्या दुकानातून घेतो’ असे म्हणण्याचीही सोय नाही. अशा व्यवहारात गिऱ्हाइकाच्या हाती एकच साधन उरते, ते म्हणजे भिंतीवरचा मीटर. तोच आपला तराजू. हा तराजू बदलण्याची मोहीम गेली काही वर्षे देशभर चालू आहे. जुना मीटर काढून स्मार्ट मीटर बसवायचा, वाचायला माणूस पाठवायचा नाही, आकडे आपोआप कंपनीच्या संगणकात जातील, आणि जमेल तिथे पैसे आधी, वीज मागून, अशी ही योजना आहे. सुधारणा म्हणून तिचे ढोल वाजत आहेत.

मीटर नवा असावा की जुना, हा माझ्या लेखी वादाचा विषय नाही. शाळेत विज्ञान शिकवायचे आणि यंत्राला शिव्या द्यायच्या, हा दुटप्पीपणा मुख्याध्यापकाला शोभणार नाही. माझा आक्षेप निराळा आहे. आज ज्या रीतीने हा बदल रेटला जात आहे, त्यात तराजूचे तोंड गिऱ्हाइकाकडून फिरवून दुकानदाराकडे केले जात आहे. आणि आपल्यासारख्या दुभाषिक जिल्ह्यांत तर त्या तराजूवरची अक्षरेही आपल्याला वाचता येऊ नयेत, अशी सोय होते आहे.

आधी मीटर म्हणजे काय, ते पाहू. आमच्या पिढीने पाहिलेला मीटर काळ्या डब्यातला. काचेच्या खिडकीतून ॲल्युमिनियमची चकती फिरताना दिसे. घरात इस्त्री लावली की चकती भरभर धावू लागे. ज्या आजीला सही करता येत नव्हती तिलादेखील तो मीटर वाचता येई. ‘बंद कर रे ती इस्त्री, चाक बघ कसं पळायलंय!’ ही आरोळी आपल्यापैकी किती जणांनी ऐकली असेल! पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आला. चकती गेली, तिच्या जागी लुकलुकणारा लाल दिवा आला. पण तो दिवाही भिंतीवरच होता आणि आकडेही भिंतीवरच होते.

स्मार्ट मीटरात मोजण्याचा भाग फारसा वेगळा नाही. वेगळ्या आहेत त्या दोन गोष्टी. पहिली, त्याला तोंड फुटले आहे. मोबाईलसारखे सिमकार्ड किंवा रेडिओलहरी वापरून तो दर पंधरा किंवा तीस मिनिटांचा हिशोब दूरच्या संगणकाला सांगत असतो. दुसरी, त्याला कान आहेत. त्या संगणकाकडून हुकूम आला की आतला खटका पडतो आणि घरात अंधार होतो. खांबावर चढणारा लाईनमन लागत नाही, दारात उभा राहणारा वसुलीवाला लागत नाही. मोजमाप, बिल आणि शिक्षा ही तिन्ही कामे एकाच बाजूच्या एकाच यंत्रणेच्या हाती जातात. पूर्वी ही कामे तीन वेगवेगळी माणसे करीत आणि त्या तिघांशी आपल्याला बोलता येई, वाद घालता येई, प्रसंगी हातापाया पडता येई. आता बोलायचे कुणाशी?

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ती अगदीच पोकळ नाही. आपल्या भागात तारेवर आकडे टाकून वीज घेणारे आहेत, आणि त्यांचा भार बिल भरणाऱ्यांवर पडतो. घराला कुलूप दिसले की सरासरी बिल फाडले जाते आणि पुढच्या महिन्यात त्याचे भांडण होते. मीटर न पाहताच आकडा टाकणारे वाचकही काही ठिकाणी निघतात. कर्नाटकात जुलै २०२३ पासून ‘गृहज्योती’ योजनेखाली घरगुती ग्राहकाला २०० युनिटांच्या मर्यादेत वीज मोफत मिळू लागली. २०० चा आकडा ओलांडला की सगळेच बिल भरायचे. अशा वेळी मीटर वाचायला येणारा चार दिवस उशिरा आला तर हद्द ओलांडली जाईल, ही धास्ती अनेक घरांत असते. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आपोआप नोंद होणारा मीटर ही धास्ती घालवू शकेल, हे मला मान्य आहे.

पण तोट्याचा जो मोठा बाऊ केला जातो, त्याचे काय? २०२०-२१ साली देशातल्या वितरण कंपन्यांची गळती, म्हणजे चोरी, तारांमधली घट आणि न झालेली वसुली मिळून, सुमारे २२ टक्के होती. २०२३-२४ पर्यंत ती १६ टक्क्यांच्या आसपास आली. चांगली गोष्ट आहे. मात्र केंद्र सरकारने २०२१ साली सुमारे ३ लाख ४ हजार कोटी रुपयांच्या योजनेत मार्च २०२५ पर्यंत २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याचे जे उद्दिष्ट ठेवले होते, त्याचा अगदी थोडा हिस्सा तोवर पुरा झाला होता. मुदत उलटून गेली, तरी उद्दिष्ट गाठले गेले नाही. याचा अर्थ, गळती कमी झाली ती मुख्यतः या मीटरांमुळे नव्हे. तारा बदलल्या, वसुली नेटाने झाली, सरकारांनी आपापली थकलेली अनुदाने चुकती केली, तर गळती घटते. यातले एकही काम गरिबाच्या ओसरीवरचा मीटर काढून होणारे नाही. आकडा टाकणारा मीटरच्या अलीकडून वीज घेतो. मीटर कितीही हुशार बसवला तरी त्याला तो आकडा दिसायचा नाही!

आता प्रीपेडचा प्रश्न. आपण जोडणी घेतो तेव्हाच कंपनी अनामत रक्कम ठेवून घेते. म्हणजे आपली उधारी बिनतारण नसते. तरीही पैसे आधी भरा, हा आग्रह कशासाठी? २००३ च्या वीज कायद्यात ४७ व्या कलमाच्या ५ व्या पोटकलमात म्हटले आहे की, ज्या ग्राहकाची प्रीपेड मीटरवर वीज घेण्याची तयारी असेल त्याच्याकडून कंपनीने अनामत मागू नये. ‘तयारी असेल’ हे शब्द लक्षात घ्या. तयारी ज्याची त्याने दाखवायची असते. ती वरून लादली की तिला सक्ती म्हणतात. त्याच कायद्याचे ५६ वे कलम सांगते की थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. पंधरा दिवस ही काही कंपनीने घातलेली भीक नव्हे. त्या मुदतीत गडी मुंबईहून मनिऑर्डर मागवत असे, बाई बचत गटातून उचल घेत असे, म्हातारा पेन्शनच्या तारखेची वाट पाहत असे. प्रीपेड मीटरात ही मुदत मोबाईलवर वाजणाऱ्या एका टिंग् आवाजाएवढी होते. घरातला मोबाईल मुलाच्या खिशात आणि मुलगा कारखान्यात दुसऱ्या पाळीला. तो आवाज ऐकायचा कुणी?

आणि खटका चुकून पडला तर? ही कल्पनेतली भीती नाही. १२ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात स्मार्ट मीटर बसवलेल्या लाखाहून अधिक घरांची वीज एकाएकी गेली. त्या ग्राहकांचा दोष काहीही नव्हता. यंत्रणेतून चुकीचा हुकूम सुटला आणि मीटरांनी तो इमानेइतबारे पाळला. सरकारला चौकशी नेमावी लागली, मीटर बसवण्याचे काम थांबवावे लागले. एका लाईनमनने चूक केली तर एका गल्लीत अंधार होतो. एका संगणकाने चूक केली तर अनेक शहरांत होतो. यंत्र चुकत नाही म्हणणाऱ्यांनी ती जन्माष्टमी आठवावी.

आपल्याच माणसांच्या गावांत काय घडले, तेही पाहण्याजोगे आहे. बडोद्यात २०२४ च्या मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, स्मार्ट प्रीपेड मीटरांविरुद्ध लोक रस्त्यावर आले. वीज कचेऱ्यांवर मोर्चे गेले, त्यांत बायका पुढे होत्या. भरलेले पैसे भराभर संपतात, ही त्यांची तक्रार होती. मीटर खरोखर जोरात पळत होते की उन्हाळ्यातला वापर रोज डोळ्यांपुढे दिसू लागल्याने लोक हादरले होते, हे ताडून पाहण्याचे साधनच कुणाजवळ नव्हते. अखेर घरगुती मीटरांची मोहीम तूर्त थांबवावी लागली आणि शंका असेल तिथे शेजारी दुसरा मीटर लावून ताडून दाखवण्याचे मान्य करावे लागले. म्हणजे जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते मोर्चानंतर झाले. दुसरीकडे इंदूर. तिथे स्मार्ट मीटर इतर अनेक शहरांच्या आधी आले. तक्रारी तिथेही झाल्या. पण वीज वापरून झाल्यावर महिन्याने बिल, ही जुनी रीत घरगुती ग्राहकांसाठी चालू राहिली, त्यामुळे बडोद्यासारखा भडका उडाला नाही. यंत्राची जात दोन्हीकडे एकच. फरक पडला तो पैसे आधी की मागून, या एका गोष्टीने.

महाराष्ट्रात काय झाले ते तर आपण रोजच्या वर्तमानपत्रांत वाचले. महावितरणने २०२३ साली सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे दिली. एका मीटरमागे खर्च सुमारे बारा हजार रुपये. ग्राहक संघटनांनी हिशोब मागितला, गावोगाव विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे जाहीर केले. पुढे ‘टीओडी मीटर’ या नावाने स्मार्ट मीटर घरोघर येऊ लागले. फक्त बिल महिन्यानंतर. मीटर मोफत, असे सांगण्यात आले. बारा हजारांची वस्तू कोण मोफत देतो हो? आज मीटरच्या किमतीच्या रकान्यात शून्य असेल, उद्या तोच खर्च दराच्या रकान्यात येईल. कर्नाटकात तर ते सोंगही केलेले नाही. बंगळूरच्या वितरण कंपनीने फेब्रुवारी २०२५ पासून नव्या जोडण्यांना स्मार्ट मीटर सक्तीचा केला, आणि एक फेजच्या साध्या मीटरला जिथे हजाराच्या आसपास पैसे लागत तिथे किंमत पाच हजारांच्या घरात गेली. त्यावरून विधिमंडळात गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. बंगळूरला जे आज होते ते हुबळीच्या कंपनीच्या हद्दीत, म्हणजे आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीत, उद्या होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

‘टीओडी’ या तीन अक्षरांकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. वेळेनुसार दर, असा त्याचा अर्थ. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२३ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार दिवसा, सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज किमान २० टक्के स्वस्त असावी आणि गर्दीच्या तासांत घरगुती ग्राहकाला किमान १० टक्के महाग असावी, असे ठरले. प्रत्येक राज्यात ते तिथल्या आयोगाच्या आदेशाने लागू व्हायचे. तत्त्व शास्त्रीय आहे, त्याला माझा विरोध नाही. पण दिवसा स्वस्त विजेचा लाभ कुणाला? ज्याच्या घरी दिवसा कुणी आहे, ज्याच्याकडे वेळ लावून चालणारी यंत्रे आहेत, त्याला. ज्या घरातली नवराबायको दोघेही सकाळी आठला बाहेर पडतात आणि दिवेलागणीला परततात, त्यांचा पंप, मिक्सर, इस्त्री, मुलांच्या अभ्यासाचा दिवा हे सगळे गर्दीच्या तासांतच चालणार. अभ्यास दुपारी करा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगू का? दुपारी ती शाळेत असतात!

आणखी एक गोष्ट फार कमी बोलली जाते. दर पंधरा मिनिटांची नोंद म्हणजे घराची रोजनिशीच होय. घर किती वाजता जागे होते, दुपारी कुणी असते का, गणपतीला गावी गेलेले कुटुंब कधी परतले, हे त्या नोंदीतून कळते. नेदरलँड्ससारख्या देशात २००९ साली तिथल्या वरिष्ठ सभागृहाने याच कारणासाठी सक्तीचे स्मार्ट मीटर नाकारले होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ही रोजनिशी कुणाच्या कपाटात राहणार, किती वर्षे राहणार आणि कुणाला दाखवली जाणार, हे मीटर बसवायला येणाऱ्याने लेखी सांगायला हवे.

येथवर जे लिहिले ते देशातल्या कोणत्याही ग्राहकाला लागू आहे. आता आपल्या जिल्ह्यांची खास गोष्ट.

आपल्याकडे अजूनही लोक त्याला ‘केईबीचा माणूस’ म्हणतात. कर्नाटक वीज मंडळ मोडून १९९९ साली महामंडळ झाले आणि २००२ साली हुबळीची वितरण कंपनी आली, तरी लोकांच्या तोंडी केईबीच राहिली. हा केईबीचा माणूस महिन्यातून एकदा दारात येतो, हातातल्या छोट्या यंत्रातून बिलाची पट्टी फाडतो आणि देतो. पट्टीवरची अक्षरे कन्नड, आकडे इंग्रजी. ज्या सुनेचे शिक्षण मराठी शाळेत झाले ती पट्टी हातात धरून विचारते, ‘भाऊ, या खेपेला एवढं कसं काय आलं हो?’ आणि तो दोन्ही भाषा जाणणारा पोरगा उंबऱ्यावर उभ्याउभ्या सांगतो: ‘वहिनी, युनिटं तेवढीच हाईत, पण मागची बाकी धरल्यात बघा. हितं लिवलंय.’ बिलातली एक ओळ मराठीत समजावून सांगणारा सरकारी व्यवहारातला तो बहुधा शेवटचा माणूस. तोही कंत्राटी, तुटपुंज्या पगारावरचा. स्मार्ट मीटर येईल तेव्हा पहिली गदा त्याच्यावर येईल आणि त्याच्याबरोबर आपला दुभाषाही जाईल. त्याच्या जागी येईल एक मोबाईलवरचे ॲप आणि एक न उचलला जाणारा टोल फ्री क्रमांक.

हा भाषेचा हट्ट नाही, हिशोबाचा प्रश्न आहे. आणि तो एकट्या मराठी माणसाचाही नाही. ‘इंधन व वीजखरेदी खर्च समायोजन’ ही ओळ कन्नड शेजाऱ्यालाही कळत नाही; आम्ही दोघेही त्या ओळीपुढे सारखेच निरक्षर. सीमेपलीकडे जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड घरांत मराठी बिले येतात. त्यांचीही हीच अडचण आहे, आणि त्यांना कन्नड बिल मिळावे, ही मागणी आपण आपल्या मागणीइतक्याच जोराने केली पाहिजे. घटनेचे ३५० वे कलम प्रत्येकाला राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे सूत्र तर राज्यांनी मिळून कधीचेच मान्य केलेले आहे. ‘तुमची वीज उद्या तुटणार’ यापेक्षा महत्त्वाची सूचना घराला आणखी कोणती असते? संगणकाला भाषा बदलायला कष्ट पडत नाहीत. बँकेचे पैसे देणारे यंत्र पहिल्या पडद्यावर भाषा विचारते. मग वर्षाचे बारा महिने पैसे घेणाऱ्या वीज कंपनीच्या यंत्राला ते का जमू नये? नव्या तंत्राचा खरा फायदा कोणता असेल तर तो हाच होता. आणि नेमका तोच कुणी मागितलेला नाही.

मागितलेला नाही, हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आपल्याकडे विरोधाची एक ठरलेली तऱ्हा आहे. घोषणा द्यायच्या, निवेदन द्यायचे, छायाचित्र काढायचे आणि घरी येऊन आलेले बिल निमूटपणे भरायचे. कुठे कुठे मीटर उपटून रस्त्यावर फेकण्याचे प्रकारही झाले. त्याने टाळ्या मिळतात. उपटणाऱ्यावर गुन्हा नोंदवला जातो आणि पुढारी दुसऱ्या गावी जातो. तराजू फोडून माप मिळत नसते. ज्याला माप हवे त्याने काट्याकडे पाहायला शिकले पाहिजे. आणि काट्याकडे पाहण्याची सवयच आपली सुटली आहे. आमच्या नववीच्या वर्गाला मी घरच्या मीटरवरचा आकडा लिहून आणायला सांगितला, तेव्हा मीटर घरात कुठे आहे इथपासून बऱ्याच मुलांची सुरुवात झाली. मुले हुशार आहेत. त्यांना कुणी दाखवलेच नव्हते.

तेव्हा कंपनीकडून काय मागायचे आणि आपण काय करायचे, हे स्पष्ट सांगतो.

मागायचे ते असे. प्रीपेड हा ग्राहकाच्या राजीखुशीचा प्रश्न राहावा. जुन्या ग्राहकाची अनामत कंपनीकडे असेपर्यंत त्याच्यावर तो लादू नये. खटका पाडण्यापूर्वी पंधरा दिवसांची कागदावरची नोटीस, घराला कळेल त्या भाषेत, दारावर मिळावी. रात्री, सणाला आणि परीक्षेच्या दिवसांत वीज तोडू नये. बिल आणि ॲप दोन्ही कन्नडबरोबर मराठीतही असावे. मीटरचा खर्च किती आणि तो कुणाच्या खिशातून, हे बसवण्याआधी लेखी सांगावे. मीटर वाचणाऱ्या कंत्राटी मुलांना काढून न टाकता त्यांनाच ग्राहक साहाय्यक नेमावे. दोन भाषा बोलणारी, प्रत्येक गल्ली ठाऊक असलेली अशी माणसे कंपनीला पुन्हा मिळायची नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताडून पाहण्याचा हक्क. केंद्राच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, मीटर वापरापेक्षा जास्त दाखवतो अशी तक्रार आली, तर ती मिळाल्यापासून पाच दिवसांत कंपनीने शेजारी दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने वापर ताडून पाहायचा आहे. हा नियम वीज कचेरीच्या दारावर दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत लावा, एवढी मागणी केली तरी पुष्कळ झाले. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे मंच आणि त्यावर लोकपाल, ही वाट वीज कायद्याच्या ४२ व्या कलमाने दिलेली आहे. ती वापरायला वकील लागत नाही.

आणि आपण करायचे ते याहून सोपे आहे. शंभर पानी वही घ्या. दर रविवारी सकाळी मीटरचा आकडा तारखेसह लिहा. मागचा आकडा वजा केला की आठवड्याची युनिटे निघतात. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट, हे सातवीच्या मुलालाही कळते. दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. नऊ वॅटच्या दिव्याला त्याच एका युनिटासाठी एकशेअकरा तास लागतात. एकदा घरातले सगळे बंद करून मीटरचा लाल दिवा पाहा. तरीही तो लुकलुकत राहिला तर घरात कुठेतरी गळती आहे किंवा दुसऱ्या कुणाची तार आपल्या मीटरावर आहे. मीटरवर ‘३२०० इम्प’ लिहिलेले असेल तर हजार वॅटचा पाणी तापवायचा रॉड एकटाच लावून बघा: दिवा मिनिटाला सुमारे त्रेपन्न वेळा लुकलुकला पाहिजे. सत्तर-ऐंशी वेळा लुकलुकला तर तक्रारीला आधार मिळाला. स्मार्ट मीटरावरही हा दिवा असतोच; त्याचे काम कंपनी दूरच्या संगणकात नेऊ शकत नाही.

येत्या जूनपासून आमच्या शाळेत आठवी आणि नववीची मुले ही वही घालणार आहेत. गणिताच्या तासाला तिची बेरीज-वजाबाकी होईल आणि महिनाअखेरीस बिलाशी ताळा. इतर शाळांच्या मुख्याध्यापक बंधुभगिनींनी, कन्नड माध्यमाच्या आणि उर्दू माध्यमाच्याही, हे करून पाहावे अशी माझी विनंती आहे. नवा मीटर भिंतीवर येण्याआधी जुन्या मीटरच्या निदान सहा महिन्यांच्या नोंदी प्रत्येक घरात असल्या पाहिजेत. नव्या मीटरच्या पहिल्या बिलावर शंका आली तर कचेरीतल्या साहेबापुढे ठेवायला आपल्याकडे आपल्या हस्ताक्षरातला कागद असेल. तो मराठीत असला तरी चालेल. आकडे त्यालाही वाचता येतात.